प्रतिवादी, रा.

वादीचं झटक्यात टाइप झालं:
बाबालाल हुसेन शिकलगार, वय ६१,
धंदा तंबोरे बनवणे,
रा. मिरज, ता. मिरज, जि. सांगली.
खाली मधोमध 'विरुद्ध'
आणि त्याखाली
भारत संघ, तर्फे महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे.
इथं बोटं थांबली.
वय?
धंदा?
रा.?

बावीस वर्षं मी कोर्टाच्या दारात दावे टाइप करते.
भाऊ विरुद्ध भाऊ, सासू विरुद्ध सून.
स्वतःचं वय ठाऊक नसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा
"लिव्ह की पन्नास" म्हणून मोकळ्या होतात.
एवढा मोठा रकाना
कधी कोरा सुटला नव्हता.

कुसनाळे वकीलबाई चहात खारी बुडवत होत्या.
"वय सोड. धंदाही सोड.
सरकार राहतं कुठं, धंदा करतं का,
यावर मोठ्या कोर्टांनी कागद कमी खर्चलेत?
आपल्याला त्यात शिरायचंच नाही.
कारण घडलं तिथं दावा."

बाबालाल बाकड्याच्या टोकाला टेकलेले.
"म्हंजे दिल्लीला जायाचं न्हाई?"
"दिल्ली नाही, मुंबई नाही.
मिरजेतलं धाकटं कोर्टही नाही,
सरकारवर दावा म्हटल्यावर वरिष्ठ स्तर लागतो.
सांगली. एसटीनं या, डबा घेऊन."

मग कलम सहा मी जपून टाइप केलं.
दुसरा रूळ टाकताना भराव आला,
भरावाखाली जुनी मोरी बुजली,
ओढ्याला वाट राहिली ती वादीच्या कारखान्यातून.
एकूण भोपळे सोळा.
मंगळवेढ्याकडून निवडून आणलेले, तीन वर्षं वाळवलेले,
त्यांतले दोन कुणा बाईंच्या आवाजासाठी
मापं घेऊन बाजूला ठेवलेले.
"ते दोन वेगळे लिवा," बाबालाल म्हणाले.
वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टाला सोळाच पुरे."
मी वेगळे लिहिले. त्यांनी खोडले नाहीत.

नोटीस आधीच गेली होती, कलम ऐंशीची.
दोन महिने सरकारला विचार करायला.
त्या दोन महिन्यांत
सरकारनं काय विचार केला कळलं नाही.
बुरशीनं मात्र भोपळ्यांचा नीट विचार केला,
आतून बाहेर.

शेवटी ते नेहमीचं वाक्य,
जे मी झोपेतही टाइप करीन:
दाव्यास कारण मिरज मुक्कामी,
या मे. कोर्टाच्या स्थलसीमेत घडले.
मे. म्हणजे मेहेरबान.
त्या दिवशी ते अक्षर
पहिल्यांदा नीट वाचलं.

तारखेला पुकारा झाला:
बाबालाल हुसेन शिकलगार हाजिर?
भारत संघ हाजिर?
मी दारातच होते, वाकून बघितलं.
कोण येतंय, किती मोठं, कुठून.

जिन्यावरून धापा टाकत एक पोरगा आला,
विश्रामबागेतला, नवाच पॅनेलवर घेतलेला,
कोटाचं एक बटण तुटलेलं,
हातात हेल्मेट, हेल्मेटात वकीलपत्र.
"प्रतिवादीतर्फे हजर. म्हणणं द्यायला मुदत मिळावी."
मिळाली.

बाहेर आल्यावर त्यानं बाबालालांच्या पिशवीत डोकावून बघितलं.
पुरावा म्हणून आणलेला एक भोपळा,
गोणपाटात बाळंतासारखा गुंडाळलेला.
"काका, हात लावू?"
त्यानं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला.
आवाज आला, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा.
"वाजतोय की," पोरगा म्हणाला.

बाबालालांनी भोपळा परत गुंडाळला, गाठ मारली.
"वाजतो, साहेब.
षड्ज ठरत न्हाई त्याच्यात."

भारत संघ थोडा वेळ तिथंच उभा राहिला,
मग किक मारून
विश्रामबागेकडं निघून गेला.

मी खोलीत येऊन दाव्याची कार्यालयीन प्रत काढली.
'रा.'पुढची जागा अजून कोरीच होती.
पेन्सिलीनं काहीतरी लिहावंसं वाटलं,
पण पुढचा पक्षकार आला होता,
आणि त्याला स्वतःचा पिनकोड आठवत नव्हता.